मे महिन्यात जानेवारीचा पेस शोधू नका

*ताई, मी ४३ वर्षांची. परळला राहते, फोर्टमध्ये बँकेत नोकरी करते. तीन वर्षांपूर्वी धावायला लागले आणि यंदा जानेवारीत माहीमहून सुटणारी हाफ मॅरेथॉन पहिल्यांदाच पूर्ण केली, २ तास ३१ मिनिटांत. मार्चपर्यंत बरं चाललं होतं. एप्रिल अर्धा सरला आणि पाय उचलेनात. तेवढाच जीव काढूनही किलोमीटरला आठ मिनिटं लागतात आणि घड्याळात ठोके १७०च्या वर जातात. सकाळी साडेपाचला पाणी येतं. ते भरून, डबे करून बाहेर पडेपर्यंत साडेसहा होतात. गेल्या रविवारी ग्रुपबरोबर मरीन ड्राइव्हला १६ किलोमीटरचा लाँग रन होता. बाराव्या किलोमीटरला, आठ वाजून गेले होते, भर उन्हात अंगावर काटा आला, थंडी वाजल्यासारखं झालं, डोकं हलकं झालं. मी कठड्यावर बसले. ग्रुपमधले एकजण म्हणाले, "शरीर थकत नाही, मन थकतं." घरी यजमान म्हणतात, पाऊस पडेपर्यंत धावणं बंद. मला दोघांचंही पटत नाही. माझा सगळा सराव वाया गेला का? आठवडा कसा आखू?*

*— परळची एक धावणारी*

प्रिय मैत्रीण,

कठड्यावर बसलात ते फार चांगलं केलंत. पेसचं (म्हणजे किलोमीटरला किती मिनिटं लागतात त्याचं) आणि आठवड्याचं नंतर बोलू, आधी त्या काट्याचं बोलू.

उन्हात धावताना अंगावर काटा येणं, हुडहुडी भरणं ही धोक्याची घंटा असते. तिच्या मागोमाग मळमळ, डोकेदुखी, चक्कर येते. तरीही धावत राहिलं तर शरीराचं आतलं तापमान ४० अंशांच्या वर जातं आणि माणूस बरळायला लागतो. हा उष्माघात, आणि यात माणसं दगावतात. "मन थकतं" हे वाक्य डिसेंबरच्या गार सकाळी शेवटच्या चढावर कुणी ऐकवलं तर मी ऐकून घेईन. मे महिन्यात ते कुणालाही सांगू नये असं माझं ठाम मत आहे, कारण तापलेल्या शरीरात सगळ्यात आधी गोंधळतो तो मेंदू. ज्या मनाच्या जोरावर पुढे जायचं, ते मनच तेव्हा भानावर नसतं.

हे मी भोगलंय. अकरा वर्षांपूर्वी, मे महिन्यातच, वरळी सी फेसवर मला असाच काटा आला होता. "दोनच किलोमीटर उरलेत" म्हणून मी थांबले नाही. त्यातल्या शेवटच्या किलोमीटरचं मला आजही काही आठवत नाही. कोळीवाड्याच्या तोंडाशी मी झोकांड्या खात चालले होते आणि घरचा पत्ता विचारला तर तो सांगता येत नव्हता, हे मागाहून कळलं. मासळीची पाटी घेऊन निघालेल्या एका मावशींनी पाटीतला बर्फ माझ्या मानेवर आणि काखेत दाबून धरला, दुसऱ्या बाईंनी कळशीभर पाणी अंगावर ओतलं. टॅक्सी त्यांनी त्यानंतर शोधली. डॉक्टरांनी मला पुढे सांगितलं की त्या दोघींनी नेमका योग्य क्रम धरला होता: आधी थंड करायचं, मग हलवायचं. माशांचा वास लागलेला तो बर्फ मी जन्मात विसरणार नाही.

म्हणून तुमच्या ग्रुपला माझ्याकडून एवढं सांगाच. कुणी असंबद्ध बोलायला लागलं, तोल जायला लागला, तर त्याला सावलीत आडवं करा, बूट-मोजे काढा आणि मिळेल तेवढं गार पाणी अंगावर ओतत राहा. कशानेही वारा घाला. बर्फ मिळाला तर मान, काखा आणि जांघांत ठेवा. त्याच वेळी दुसऱ्या कुणीतरी १०८ला फोन लावावा. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालू नका, ठसका लागून ते फुफ्फुसात जाऊ शकतं. "घाम येतोय ना, मग उष्माघात नाही" यावर तर अजिबात विसंबू नका. धावणाऱ्याला उष्माघातातही घामाच्या धारा लागलेल्या असू शकतात.

हा आठवडा तुम्ही फक्त चाला. डोकं दुखत असेल, लघवी गडद होत असेल, उभं राहिल्यावर अंधारी येत असेल तर आधी डॉक्टरांकडे जा. धावायचं पुढच्या आठवड्यापासून.

आता सरावाचं. तो वाया गेलेला नाही.

धावताना स्नायू जी ऊर्जा जाळतात, तिच्यातला साधारण पाऊण हिस्सा उष्णता होऊन बाहेर पडतो. ती उष्णता रक्त कातडीपर्यंत आणतं आणि तिथे घाम ती घेऊन जातो. जानेवारीत तुमच्या हृदयाला मुख्य काम होतं पायांना रक्त पुरवण्याचं. आता त्याच रक्तातून कातडीलाही मोठा वाटा द्यावा लागतो. त्यात घामामुळे रक्तातलं पाणी कमी होतं, म्हणजे एका ठोक्यात कमी रक्त पुढे ढकललं जातं. तूट भरून काढायला ठोके वाढतात. १७० दिसतात ते यामुळे. तुमचं हृदय सध्या दोन घरांचा स्वयंपाक करतंय.

आणि मुंबईत यावर कडी करते ती हवेतली ओल. नुसता घाम आल्याने अंग गार होत नाही, तो वाळला तरच होतं. एक लिटर घाम अंगावर वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच घाम कोपरावरून ठिबकून फुटपाथवर पडला तर पाणी गेलं, मीठ गेलं आणि गारवा काही मिळाला नाही. मार्चमध्ये मुंबईचा पारा एखाद्या दुपारी ३८-३९पर्यंत चढतो, पण त्या दिवसांत हवा कोरडी असते आणि पहाट बरीच गार. मेमध्ये कमाल तापमान ३३-३४च दिसतं, पण रात्रीचा पारा २७च्या आसपास अडकून बसतो आणि दोरीवरचा टॉवेल सकाळपर्यंत दमटच राहतो. ज्या हवेत टॉवेल वाळत नाही, तिथे तुमचा घाम कसा वाळणार? मार्चपर्यंत बरं होतं आणि पुढे पाय उचलेनात, असं तुम्ही लिहिलंत, ते या शहराच्या हवेला धरूनच आहे.

"उष्णतेची लाट नाही, मग काय एवढं" असंही कुणी म्हणेल. हवामान खातं किनारपट्टीवर लाट जाहीर करतं ती पारा किमान ३७वर आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश तरी वर गेला तर. ३४ अंशांचा घामट दिवस त्या व्याख्येत बसत नाही. त्यासाठी "उष्ण आणि दमट हवामान" असा वेगळा इशारा येतो, तो रोज रात्री बघत जा. १६ एप्रिल २०२३ला नवी मुंबईत, खारघरच्या मैदानावरच्या सोहळ्यात उष्माघाताने माणसं गेली. ती धावतही नव्हती, उन्हात बसली होती.

वाऱ्याचाही विचार करा. शाळेच्या भूगोलातले मतलई वारे आणि खारे वारे आठवतात ना? रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते, म्हणून पहाटे वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो, आणि तोही अगदी मंद. समुद्रावरचा खारा वारा सुरू होतो उन्हं चढल्यावर आणि संध्याकाळी तो चांगला वाहत असतो. म्हणजे सकाळी साडेसहाला मरीन ड्राइव्हवर समुद्राची हवा मिळेल ही आशा मे महिन्यात बरेचदा फसते. पाणी आरशासारखं, पान हलत नाही, आणि सूर्य तर सहा-पाचलाच उगवलेला. संध्याकाळी साडेसातनंतर पारा पहाटेपेक्षा दोन-तीन अंश जास्त असेल, पण वारा असतो आणि घाम वाळतो. बरेच जण याच्या उलट सांगतील. मला स्वतःला मात्र मेमधल्या निपचित पहाटेपेक्षा संध्याकाळचा सी फेस कितीतरी जास्त मानवतो.

तर आठवडा. किलोमीटर विसरा, मिनिटं मोजा. घड्याळातला पेसचा आकडा पडद्यावरून काढूनच टाका. शेजारी धावणाऱ्या मैत्रिणीशी सबंध वाक्य बोलता आलं पाहिजे, हे एवढंच माप. वाक्य मध्येच तुटायला लागलं की चालायचं. चार मिनिटं धाव, एक मिनिट चाल असं ठरवूनही करता येईल. मी पन्नाशीनंतर दर उन्हाळ्यात असंच करते आणि त्यात कमीपणा काही नाही.

मंगळवारी पहाटे शिवाजी पार्क, ४० मिनिटं. कट्ट्याची एक फेरी एक किलोमीटरहून थोडी जास्त भरते. पाण्याची बाटली कट्ट्यावर एका जागी ठेवा, दर फेरीला तिथे थांबून दोन घोट घ्या, उरलेलं डोक्यावर आणि कोपरापासून मनगटापर्यंत ओता. फेऱ्या मारणं कंटाळवाणं वाटतं हे खरं. पण उन्हाळ्यात फेरीइतकी सुरक्षित वाट नाही, कारण काही झालं तर तुम्ही पाण्यापासून आणि ओळखीच्या चेहऱ्यांपासून सात-आठ मिनिटांपेक्षा लांब कधीच नसता.

बुधवारी घरीच, पंख्याखाली, वीस मिनिटांचा व्यायाम: उठाबशा, जिन्याच्या पायरीवर टाचा उचलणं, पाठीवर झोपून कंबर उचलणं, प्लँक.

गुरुवारी ऑफिस सुटल्यावर घरी न जाता थेट वरळी सी फेस. आधी २५-३० मिनिटं सावकाश. मग २० सेकंद जोरात आणि दोन मिनिटं चाल, असं सहा वेळा. वीस सेकंदांत अंग फारसं तापत नाही आणि पायांची चपळाई टिकून राहते. टेम्पो (सलग वेगात धावणं) आणि इंटरव्हल (थांबून थांबून वेगात धावणं) मी मेमध्ये कुणालाच देत नाही. त्यांचा फायदा ठरलेल्या वेगाने धावण्यात असतो आणि तो वेग या हवेत गाठायचा तर अंगात उष्णता साठवूनच गाठावा लागतो. जानेवारीच्या शर्यतीसाठी नेटाने सराव सुरू करायचा तो सप्टेंबरच्या शेवटी. मग आत्ताच कशासाठी जिवाची काहिली करायची?

सोमवार आणि शुक्रवार सुट्टी. शनिवारी वाटलं तर अर्धा तास, नाही तर नाही.

रविवारचं मात्र नीट ठरवू. पुढच्या रविवारी ५० मिनिटंच. मग दर आठवड्याला दहा-दहा मिनिटं वाढवत ८० मिनिटांवर थांबा आणि पाऊस येईपर्यंत त्याच्या पुढे जाऊ नका. १६ किलोमीटर म्हणजे तुम्हाला दोन तासांहून जास्त लागतात. मेमधली ती शेवटची चाळीस मिनिटं सराव म्हणून काही देत नाहीत, शरीर खचवतात तेवढं. पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी सुरुवात करा. अंधारात शिवाजी पार्कच्या फेऱ्या मारा आणि उजाडल्यावर माटुंग्याच्या फाइव्ह गार्डन्सकडे वळा, म्हणजे शेवटचा भाग पारशी कॉलनीतल्या झाडांखाली पडेल. साडेसहाच्या आत आटपलंच पाहिजे. ग्रुप साडेसहाला सुटत असेल तर त्यांना वेळ बदलायला सांगा. नाहीच बदलली तर जूनपर्यंत त्यांच्याबरोबर फक्त चहाला जा.

दोन आठवडे असं नेमाने केलंत की शरीरात फरक पडायला लागेल. दहा ते चौदा दिवसांत रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटायला लागतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. मग त्याच सावकाश चालीला ठोके आठवड्यागणिक खाली येताना दिसतील. दिवसभर एसीत बसता म्हणून हे होणार नाही असं समजू नका. मात्र धावणंच दोन-तीन आठवडे बंद झालं तर ही कमाई हळूहळू ओसरते. पाऊस येईपर्यंत पूर्ण बंद, हे मला पटत नाही ते त्यामुळे. मुंबईत मान्सूनची नेहमीची तारीख ११ जूनची. तोवर एवढे दिवस घरी बसून राहायची गरज नाही.

पाण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. किती प्यायचं याचा कुणाचाही ठोक आकडा घेऊ नका, स्वतःचा काढा. धावायच्या आधी लघवी करून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. आल्यावर अंग पुसून पुन्हा करा. समजा ५८ किलोचे ५७.१ झाले आणि वाटेत ४०० मिलिलिटर प्यायलात, तर सव्वा लिटरहून जास्त घाम गेला. वाटेत तहानेप्रमाणे घोट-घोट प्या, उरलेली तूट घरी दोन-तीन तासांत सावकाश भरा. वजन वाढून परत येणं मात्र वाईट. नुसतं साधं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि तेही जिवावर बेतू शकतं. तासाभरापर्यंतच्या धावेला साधं पाणी पुरतं. रविवारी ओआरएस घ्या, पण अख्खं पाकीट अख्ख्या एक लिटर पाण्यात, अर्ध्या बाटलीत नाही. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा लहान, चहाचा. शहाळं जरूर प्या, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम थोडं असतं, त्यामुळे घामातलं मीठ एकट्या शहाळ्याने भरून निघत नाही. त्यापेक्षा घरी आल्यावर जिरं-मीठ घातलेलं ताक किंवा मीठ घातलेलं पन्हं बरं. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर मिठाचं आधी डॉक्टरांना विचारा. आणि अंग दुखतंय म्हणून धावायच्या आधी वेदनाशामक गोळी घेऊन निघायची सवय ग्रुपमध्ये कुणाला असेल तर ती मोडा. आधीच पाणी कमी झालेल्या शरीरात त्या गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात.

कपडे सैल, पातळ, फिक्या रंगाचे. सुती टी-शर्ट घाम धरून जड होतो. मांड्या आणि ब्राच्या पट्ट्याखाली व्हॅसलिन.

बायकांच्या बाबतीत कुणी बोलत नाही अशी एक गोष्ट. पाळीच्या आधीच्या दहा-बारा दिवसांत आपल्या शरीराचं तापमान मुळातच साधारण ०.३ ते ०.५ अंश जास्त असतं. त्या दिवसांत तीच धाव जड जाणार. रविवार त्या दिवसांत आला तर वीस मिनिटं कमी करा आणि मनाला लावून घेऊ नका. तुमच्या वयाला पाळी जास्त जाण्याचं प्रमाणही वाढतं, म्हणून हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्याच. दम लागणं, पाय जड होणं, ठोके वाढणं हे रक्त कमी असल्यानेही होतं आणि आपण सगळं खापर उन्हाळ्यावर फोडून मोकळ्या होतो.

राहिले यजमान. त्यांनी तुम्हाला कठड्यावर बसून आल्यावर पाहिलंय. घाबरले म्हणून बंद कर म्हणाले. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना काम द्या. रविवारी साडेपाचचं पाणी त्यांनी भरावं, मंगळवारीही त्यांनीच भरावं आणि डब्याच्या पोळ्या आदल्या रात्री होतील असं दोघांनी मिळून बघावं. मग तुम्ही साडेसहाऐवजी पाचला बाहेर पडाल. ज्या धोक्याची त्यांना भीती वाटते, तो या दीड तासाने जेवढा कमी होईल तेवढा दुसऱ्या कशानेच होणार नाही. हा परिच्छेद त्यांना वाचून दाखवलात तरी चालेल. शक्य असेल तर पहिल्या रविवारी त्यांना शिवाजी पार्कला सोबत न्या. ते कट्ट्यावर बाटलीपाशी बसतील, आणि दर फेरीला तुम्ही त्यांना नीट उत्तर देताय ना, हे त्यांना स्वतःच्या कानांनी ऐकता येईल.

दोन आठवड्यांनी मला पुन्हा लिहा. धावायच्या आधीचं आणि नंतरचं वजन, मंगळवारचे सरासरी ठोके आणि हिमोग्लोबिनचा आकडा एवढं कळवा. त्यावरून जूनचं ठरवू.

तुमची,
ताई